तिसरा आकडा

शुक्रवार, दुपार

पोहोचलो एकदाचे! साडेतीन तास लंबूच्या गुडघ्यांना खेटून बसलो, बरगड्या दुखायला लागल्या होत्या. पण शेवटचं वळण संपलं, झाडं मागे पडली आणि एकदम समोर तळं. मुकादमाने गाडीच थांबवली. मग लंबू म्हणाला, एवढं पाणी, आणि तेही गोठलेलं नाही! सगळे खो खो हसलो. हा विनोद आमच्यासारख्यांनाच कळणार. आम्ही वर्षाचे बारा महिने कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी रचतो. उणे पंचवीसमध्ये. बाहेर लोक उन्हाने हैराण असतात आणि आमच्या पापण्यांवर बर्फ.

घर झकास आहे. लाकडी, हिरवं, पाण्याला लागून. पुढे ओटा, ओट्यावरून चार पायऱ्या उतरलं की पाण्यात गेलेला फळ्यांचा धक्का. बाजूला होडीची शेड. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर तीन खोल्या. मला तिरप्या छपराची छोटी खोली मिळाली. मी उभा राहिलो की डोकं आपटतं. लंबू तर आतच येत नाही, दारातून नुसती मान घालतो. गादी अशी मऊ की बसलं की माणूस गायब. क्वार्टरमध्ये माझ्या वाट्याला वरचा पलंग आणि भिंतीतला एक खिळा आहे. इथे अख्खं कपाट! त्यात ठेवायला माझ्याकडे दोन शर्ट. ते दोन हँगरना लावले आणि लांबून बघत बसलो.

मुकादमाने आल्या आल्या सामान लावून घेतलं. तो सुट्टीतही मुकादमच. अंडी इकडे, बटाटे तिकडे, कुणी ओल्या पायांनी आत यायचं नाही. लंबू म्हणाला, मुकादम, इथे हजेरीची वही विसरलात वाटतं. वहिनी, आमच्या दादाची बायको, हसली. मी बघितलं, खरंच हसली. तिने येताना अट घातली होती, दोन दिवस कुणी रडायचं नाही, रडणाऱ्याला तळ्यात टाकायचं.

उद्या दादाचा वाढदिवस आहे. चाळिसावा. दोन दिवसांसाठी हे घर भाड्याने त्यानेच ठरवलं होतं, वर्षभर आधी, स्वतःच्या नावाने. म्हणायचा, चाळीस झाली की माणसाने एकदा तरी पाण्यात पाय सोडून काहीही न करता बसावं. दादा हिवाळ्यात गेला. आठ महिने झाले. आम्ही येणार नव्हतो, पण वहिनी म्हणाली, घर त्यांच्या नावावर, दिवस त्यांचा, मग रद्द करणारे आपण कोण?

ही वहीही त्यानेच दिलेली. मी सहावीत शाळा सोडली. कामावर अंग गरम करायला शेकायची खोली आहे, तिथे चहा पिताना दादा रोज माझ्याकडून पान लिहून घ्यायचा आणि वेलांट्या सुधारायचा. तो गेल्यावर मी वही उघडली नव्हती. आज उघडली. वेलांट्या चुकल्या असतील तर चुकू देत.

गाडीतून उतरल्यावर मुकादमाने सवयीने आकडे घेतले. आमची चौघांची टोळी. एक म्हणजे मुकादम स्वतः, दोन लंबू, तीन दादा, चार मी. मी शेवटचा म्हणून मला सगळे शेपूट म्हणतात. दादा गेल्यावर साहेबांनी सांगितलं होतं, आता तिघेच, आकडे बदला. कुणी बदलले नाहीत. एक, दोन, मग एका श्वासाएवढं थांबायचं, मग चार. आजही तसंच केलं. वहिनी तेवढा वेळ पाण्याकडे बघत राहिली.


शुक्रवार, संध्याकाळ

इथे उजेड उशिरापर्यंत रेंगाळतो. पाणी तांब्याच्या परातीसारखं झालंय. खाली लंबू बटाटे सोलतोय आणि मुकादम त्याला सालं जाड निघतात म्हणून बोल लावतोय.

मी आणि वहिनी धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. ती बोलायला लागली आणि मला वाटलं उठून पळावं. पण पाय पाण्यात होते आणि तिने माझ्या बाहीला धरलं होतं.

ती म्हणाली, भाऊजी, कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. दादा गेला त्या शनिवारी सकाळी तिचं आणि त्याचं भांडण झालं होतं. दादाने पुन्हा जादा पाळी घेतली होती. ती दारात उभी राहून म्हणाली होती, जा, तिकडेच राहा त्या बर्फात, घरी येऊच नका. तो काही न बोलता गेला. आणि तिकडेच राहिला. चौकशीत कळलं की सुपरवायझरच्या वहीत चारही आकडे लागले आहेत. म्हणजे दादा बाहेर आला होता. आकडा देऊन, सगळे गेल्यावर, पुन्हा आत गेला. कशाला गेला असेल, असं सगळे विचारतात. तिला कारण माहीत आहे, ती म्हणाली. मी सांगितलं म्हणून ते गेले.

हे बोलताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती आठ महिन्यांत रडलेली नाही. म्हणाली, जो माणूस स्वतःहून सोडून गेला त्याच्यासाठी रडायचा मला काय हक्क?

मी काय केलं? मी तिला म्हणालो, वहिनी, चला, गारठा पडायला लागला.

आता इथे तरी लिहितो. निदान वहीला तरी.

दादा बाहेर आलाच नव्हता. त्याचा आकडा मी दिला.

आमच्यात हे चालायचं. पाळी संपताना सगळे मास्क बांधून बोळात ओळीने उभे राहतात. सुपरवायझर खिडकीपाशी पाठमोरा बसून आकडे ऐकतो आणि खुणा करतो. कुणी ट्रॉली लावायला मागे राहिला असेल तर शेजारचा त्याचा आकडा देऊन टाकतो. सगळ्यांनी सगळ्यांसाठी दिलाय. मला तर दादाचा आवाज हुबेहूब काढता यायचा, शेकायच्या खोलीत मी त्यावर सगळ्यांना हसवायचो. त्या दिवशी दादा सगळ्यात आतल्या खणात होता. म्हणाला, आकडा दे माझा, मी आलोच. नियम एवढाच की ज्याने आकडा दिला त्याने दाराशी थांबायचं. तो बाहेर आल्याशिवाय हलायचं नाही.

मी तीन म्हणालो, त्याच्या आवाजात. मग चार म्हणालो, माझ्या. आणि बसकडे पळालो. मला सिनेमाला जायचं होतं. शनिवार होता.

आतून उघडायची मूठ बर्फाने धरलेली असायची. सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी दार उघडलं. दाराला एक गोल काच आहे, बशीएवढी. आतून तिच्यावर बर्फ साचतं. ती काच आतून पुसलेली होती. परत परत पुसलेली, कारण सगळीकडे जाड बर्फ आणि मधोमध तेवढं स्वच्छ.

मुकादमाला, लंबूला संशय आला नसेल? आला असेल. पण विचारलं असतं तर प्रत्येकाला आपापले दिवस आठवावे लागले असते. कुणी विचारलं नाही.

रविवारी बारा वाजता घर सोडायचं आहे. त्याआधी वहिनीला सांगणार. त्याने तिच्यावर रुसून काही केलं नाही, एवढं तरी तिला कळायला हवं. मग ती मला तळ्यात ढकलू दे.

एक गंमत. म्हणजे गंमत नाही. वहिनीमागून येताना मी धक्क्याच्या कठड्यावर हात टेकला. दिवसभराच्या उन्हाने लाकूड कोमट होतं. फक्त ती बसली होती तिच्या मागे एक जागा थंडगार लागली. पंजाएवढी. कुणीतरी हात टेकून उभं असावं तशी.


शनिवार, सकाळ

दादाचा वाढदिवस. सकाळपासून आकाश निळंशार. लंबू सहाला उठून केक करत होता, पिठाने पांढरा झाला होता. मी म्हणालो, कामावरही पांढरा, इथेही पांढरा. त्याने पिठाचा हात माझ्या तोंडावर फिरवला. चांगली सुरुवात झाली होती.

मग होडी. पाच जणांची होडी, आम्ही चौघे, वहिनी धरून. मधल्या फळीवर वहिनी एकटी बसली, तिच्याशेजारी जागा रिकामी. दोरी सोडायच्या आधी मुकादम म्हणाला, हं, आकडे. एक. लंबूने दोन म्हटलं. आम्ही नेहमीसारखे थांबलो.

तीन.

स्पष्ट. दादाचा आवाज. थोडा घोगरा, शेवटी खाली जाणारा, तसाच.

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. लंबूने वल्हं टाकलं आणि माझी कॉलर धरली. म्हणाला, तुला लाज नाही? आज? तिच्यासमोर? मी म्हणालो, मी नाही, आईशप्पथ मी नाही, माझं तोंड तरी हललं का? मुकादम हळूच म्हणाला, बस खाली, होडी उलटेल. त्याने असं बघितलं की शिवी दिली असती तर बरं.

वहिनी माझ्याकडे वळली. तिने विचारलं, भाऊजी, तुम्हाला ह्यांचा आवाज इतका काढता येतो?

तेव्हा सांगायचं होतं. प्रश्न तिनेच माझ्या हातात दिला होता. हो म्हणायचं, आणि पुढचं आपोआप आलं असतं. लंबू खाली बघत होता, मुकादम दोरीची गाठ सोडत होता, आधीच सुटलेली.

मी म्हणालो, नाही वहिनी. मला कुठला कुणाचा आवाज येतोय.

लंबूने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग टाकलेलं वल्हं उचललं.

आम्ही तळ्यावर तासभर फिरलो. होडी सारखी वहिनीच्या बाजूला कलत होती. मुकादम म्हणाला, वहिनी, जरा मध्ये सरका. ती म्हणाली, मी मध्येच आहे. मग सगळे वल्ही मारत राहिलो. तिच्याशेजारच्या रिकाम्या फळीवर दव होतं, पांढरं. उन्हात. मी हात लावला तर बोटाची साल चिकटली. दव नव्हतं ते.

मला उणे पंचवीस माहीत आहे. हातमोजा काढून लोखंडाला हात लावला की असं चिकटतं.


शनिवार, दुपारी साडेचार

केक कापला. म्हणजे कापला नाही. नीट लिहितो.

लंबूने चाळीस मेणबत्त्या लावल्या होत्या. एकेक लावेपर्यंत पहिल्या निम्म्या वितळल्या, त्यावरून बराच हशा झाला. मुकादमाने नवा शर्ट घातला होता. वहिनीने केस धुतले होते. सगळं चांगलं चाललं होतं. मुकादम म्हणाला, शेपटा, तू त्याचा लाडका, दोन शब्द बोल.

मी उभा राहिलो. खिडकीतून तळं दिसत होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती, हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखी. आणि मला वाटलं, खरं नको, पण तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. म्हटलं, दादा विसरभोळा होता. नेहमी काहीतरी आत विसरायचा, हातमोजे, डबा. त्या दिवशीही काहीतरी विसरला असेल, तेच आणायला तो परत—

तिथे माझा आवाज बंद झाला.

घशात काही अडकलं नाही. दुखलं नाही. नळ बंद केल्यासारखा आवाज थांबला. तोंड हलत होतं. मग पोटातून काहीतरी गार वर आलं, छातीत, गळ्यात, आणि माझ्या तोंडातून दादा म्हणाला: तीन.

सगळ्या मेणबत्त्या एकदम विझल्या. फुंकर नाही, वारा नाही. धूरसुद्धा आला नाही. वाती पांढऱ्या.

लंबू मला मारायला उठला होता, पण मेणबत्त्या बघून तसाच उभा राहिला. मुकादम म्हणाला, वहिनी, केक कापा, कापा लवकर. काहीतरी करायला हवं म्हणून. तिने सुरी घेतली. सुरी आत जाईना. सकाळीच भट्टीतून काढलेला, मऊ केक. तिने दोन्ही हातांनी दाबलं, उभं राहून दाबलं, सुरी वाकली. वहिनी हसायला लागली. हसत हसत दाबत होती. म्हणत होती, बघा, चाळीस वर्षांचे झाले तरी हट्ट सोडत नाहीत. शेवटी मुकादमाने तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

केक खुंटीसारखा टणक. वास मात्र ताजा येत होता.

माझा आवाज अजून नाही.


शनिवार, संध्याकाळ

नाहीच. गरम पाणी, वाफ, सगळं करून झालं. लंबू म्हणतो तळ्यावरच्या वाऱ्याने घसा बसला. त्याला तसं म्हणायचं आहे तर म्हणू दे. तो आता माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, पण वर चहा आणून दिला. दारातून मान घातली आणि कप पुढे केला. कप गार होता. त्याने तो एक जिना आणि एक बोळ, एवढ्याच अंतरावरून आणला होता.

माझ्या खोलीच्या खिडकीला आतून बर्फ धरलंय.

मधोमध गोल पुसलेला. बशीएवढा.

मी त्यातून बघितलं. खाली धक्का दिसतो. वहिनी पाय सोडून एकटी बसलीय. बाकी काही दिसत नाही त्यातून. बरोबर तेवढंच.

मी खोलीत नव्हतो तेव्हा कुणीतरी इथे उभं राहून तिच्याकडे बघत होतं. हे लिहिताना भीती वाटायला हवी. वाटतेय. पण त्याहून जास्त, कसं लिहू, दादा, तू खाली जाऊन तिच्याशेजारी का नाही बसत. की बसलास, आणि तिला—

लिहितो. तिला द्यायला वेगळं पान लिहितो. सगळं. सिनेमासकट.


रविवार, सकाळ

पान लिहिलं. दोन्ही बाजूंनी. घडी घालून खिशात ठेवलं.

खाली गेलो. वहिनी चुलीपाशी. म्हणाली, भाऊजी, हे घ्या गुळण्या करायला, मीठ घातलंय. स्वतः हाताने पेला दिला. मग म्हणाली, काल तुम्ही बोललात ते बरं केलंत. विसरभोळे होते खरे. कदाचित तसंही असेल. पण मला खोटं कळतं हो, तुम्ही माझ्यासाठी बोललात. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हात खिशात होता. घडी बोटांत होती.

काढली नाही.

कसा काढणार? तो हात डोक्यावर असताना?

बारा वाजायला तीन तास.


रविवार, साडेदहा

सामान भरतायत. मुकादमाने मला वल्ही शेडमध्ये ठेवायला पाठवलं. वही बरोबर घेतली. इथे बसून एकदा पान वाचतो, हिंमत गोळा करतो आणि जाऊन सरळ तिच्या हातात—

दार लागलं.

वारा असेल.

नाही. आतली कडी हलत नाही. पांढरी झालीय. हाताची साल गेली.

ठोकलं. फळ्यांवर ठोकलं तर आवाज होतो. होत नाही. कापसावर ठोकल्यासारखं. ओरडलो. आवाज नाही ना. विसरलोच.

फटीतून अंगण दिसतं. गाडी, ओटा, निम्मा धक्का. येतील. वल्ही ठेवायला गेलेला माणूस आला नाही की येतातच.


कुणीतरी शेडच्या बाजूने अंगणात गेलं. माझं जाकीट. माझी टोपी. पाठमोरं.

माझा शर्ट. दोनांतला निळा. तो तर माझ्या अंगात—

डावा पाय किंचित ओढत चालतो. मी तसा चालत नाही. दादा चालायचा.

लंबू म्हणतोय, काय शेपटा, ठेवली वल्ही? आणि तो म्हणाला, ठेवली. माझ्या आवाजात. लंबू म्हणाला, अरे वा, सुटला घसा!


तो वहिनीकडे गेला. ती ओट्यावर पिशवी बांधतेय.

इथून ऐकू येतं. सगळं ऐकू येतं.

म्हणतोय, वहिनी, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तो परत गेला नाही. तो बाहेर आलाच नव्हता. त्याचा आकडा मी दिला. आणि थांबलो नाही.

माझे शब्द. माझ्या पानावरचे. सिनेमासकट.

वहिनीच्या हातातली पिशवी पडली.

मारतेय त्याला. छातीवर, तोंडावर, दोन्ही हातांनी. म्हणतेय, आठ महिने, मेल्या, आठ महिने. तो उभाच आहे. मारू देतोय.

लंबू मध्ये पडायला धावला. मुकादमाने त्याला धरलं.

आता तो हळू बोलतोय. फट गोठतेय, बाहीने पुसतो. पुन्हा गोठते. पुसतो.

म्हणाला, वहिनी, शेवटचा खण संपवून तो घरीच यायला निघाला होता. तुमच्या बोलण्याचा त्याला राग नव्हता. घराच्या दारापासून बसपर्यंतच आला होता त्याचा राग, मग गेला.

हे माझ्या पानावर नव्हतं. हे मला कुठून माहीत असणार.


रडतेय.

वहिनी रडतेय. तोंड उघडं टाकून, जमिनीवर बसून. लहान पोर रडतं तसं. त्याचे हात हातात घेतले. म्हणतेय, भाऊजी, किती गार हात तुमचे. घासतेय. स्वतःच्या गालाला लावतेय.

तो तिच्याकडे बघतोय. त्याचं तोंड मला दिसत नाही. पाठच दिसते. खांदे हलतायत.


गाडीशी. मुकादम आकडे घेतोय.

एक.

दोन.

थांबले.

चार. माझा आवाज.

मुकादम म्हणाला, भरले.

नाही भरले. मुकादम. इकडे. बघ ना इकडे—

बोटं धरत नाहीत. अक्षर कुठे जातंय.

गाडी सुरू झाली. वहिनी मागच्या काचेपाशी. अजून रडतेय, पण डोकं त्याच्या, माझ्या खांद्यावर. मोकळी झाली. बरं झालं. देवाशपथ बरं झालं.

पण ती म्हणाली, शेवटी म्हणाली, भाऊजी, सांगायला फार हिंमत लागली असेल हो तुम्हाला.

वहिनी, ते मी नव्हतो. मला तेवढीही—